घरचा सर्व्हर उभारताना: आधी खासगी नेटवर्क, मग सेवा

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या घरी टीव्हीच्या मागे जाडजूड शब्दकोशाएवढा एक जुना मिनी पीसी गेली काही वर्षे अहोरात्र चालू आहे. घरातल्या सगळ्यांचे फोटो, वडिलांची स्कॅन केलेली कागदपत्रे, घरचे पासवर्ड आणि मी हौसेने लिहीत असलेल्या प्रकल्पांचा सोर्स कोड हे सारे त्याच्यावर आहे. नोकरीसाठी मी रोज ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला जातो आणि बसायला जागा मिळाली, की लॅपटॉप उघडून घरच्या त्या यंत्रावर काम करतो. पण त्या यंत्राचा एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकाचे दार, सार्वजनिक इंटरनेटला उघडा नाही. असा सर्व्हर स्वतः उभा करू इच्छिणाऱ्या हौशी डेव्हलपरसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. लिनक्सचे टर्मिनल थोडेफार हाताळलेले असावे, एवढीच पूर्वतयारी त्यासाठी पुरते.

यात सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. उत्साहाच्या भरात आपण प्रथम फोटो साठवणारा किंवा चित्रपट दाखवणारा प्रोग्रॅम बसवतो, तो घरच्या वायफायवर चालू लागला की बाहेरूनही चालावा असे वाटते, आणि मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून आपण घराचे दार थेट रस्त्यावर उघडतो. मीही सुरुवातीला हेच केले होते. एका रात्री एसएसएचचा, म्हणजे दुरून टर्मिनल उघडण्याच्या सोयीचा, २२ क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवून झोपलो आणि सकाळी लॉग उघडला, तेव्हा पासवर्ड चुकल्याच्या ओळी संपता संपेनात. रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पाय अशी नावे एकामागून एक वापरून पाहिलेली होती आणि दर काही ओळींनी समोरचा पत्ता बदललेला होता. माझ्यावर कोणाचा विशेष डोळा होता असे मुळीच नाही. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पत्ता-पद्धतीचे, सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेल्या झेडमॅप या साधनाने एका गिगाबिट जोडणीवरून त्या सगळ्यांवरचा एखादा पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासून दाखवला होता. तेव्हा उघडा पोर्ट सापडणारच, हे गृहीत धरावे. म्हणून आधी आपल्या उपकरणांपुरते खासगी नेटवर्क उभे करावे आणि प्रत्येक सेवा त्याच्या आतच जन्माला घालावी.

यंत्र, वीज आणि एक छोटा सेल

यंत्रासाठी फार खर्च करू नये. कार्यालयांतून बाद झालेले मिनी पीसी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाला, सेकंडहँड मिळतात. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कोणताही पुरतो. रास्पबेरी पाय चालतो, पण कायम चालणाऱ्या सर्व्हरसाठी मेमरी कार्डावर अवलंबून राहणे मला पटत नाही, कारण सततच्या लेखनाने ते कार्ड लवकर झिजते. जुना लॅपटॉप वापरल्यास बॅटरी फुकटच्या यूपीएसचे काम करते. मात्र ती सतत पूर्ण चार्ज राहिल्याने फुगण्याचा धोका असतो, तेव्हा चार्जिंगची मर्यादा लावता येत असेल तर लावावी आणि बॅटरी जरा जरी फुगलेली दिसली तरी ती काढून टाकावी.

विजेचा हिशेब घर चालवणाऱ्यासमोर आधीच मांडावा. १२ वॅट घेणारा मिनी पीसी महिनाभर चालला तर साडेआठ युनिटांच्या आसपास वीज लागते. ८० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप तेवढ्याच काळात साडेसत्तावन्न युनिटे खातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे ही वाढीव युनिटे नेहमी आपल्या बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसतात. फुकट मिळालेला मोठा डेस्कटॉप म्हणूनच बहुधा महागात पडतो.

सेकंडहँड यंत्र घरी आणल्यावर मी पहिले काम करतो ते म्हणजे ते उघडून मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदलणे. या सेलवर दोन गोष्टी अवलंबून असतात: यंत्राचे घड्याळ आणि बायॉसमधली, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, सेटिंग. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती, तो दिवस अनेकांना आठवत असेल. वीज परत आली तेव्हा माझे यंत्र सुरूच झाले नाही, कारण वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची बायॉसमधली सेटिंग मेलेल्या सेलमुळे पुसली गेली होती. मी घरात होतो म्हणून बटण दाबता आले. त्यानंतरही नेटवर्क जुळेना, कारण घड्याळ काही वर्षे मागे गेले होते आणि वेळ इंटरनेटवरून जुळवून घेणारी सेवा मी चालू केलेली नव्हती. घड्याळाचा आणि खासगी नेटवर्कचा संबंध काय, ते पुढे येईलच.

यूपीएस घेताना राउटरला विसरू नये. फायबर घरापर्यंत आलेली असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, त्यामुळे आपला ओएनटी (फायबर जिथे संपते तो डबा) आणि राउटर यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला, तर इमारतीची वीज गेली तरी इंटरनेट बहुतेक वेळा टिकते. याउलट केबलवाल्याने गच्चीवरच्या स्विचमधून साधी नेटवर्क केबल खाली सोडलेली असेल, तर तो स्विच बंद पडताच आपला यूपीएस काहीच करू शकत नाही. आपल्याकडे यांपैकी काय आहे ते खरेदीआधी पाहावे.

यंत्रावर डेबियन हे लिनक्स बसवावे, तेही डेस्कटॉपशिवाय. सुरक्षेचे अपडेट आपोआप लागण्याची सोय चालू करावी, वेळ जुळवणारी सेवा चालू आहे याची खात्री करावी, एसएसएचसाठी ईडी२५५१९ प्रकारची किल्ली (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) तयार करून त्या किल्लीने प्रवेश होतो हे पाहावे आणि मगच पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा. हा क्रम उलटा झाला तर स्वतःच्याच यंत्राबाहेर राहण्याची वेळ येते.

आपला पत्ता आपला आहे का?

पुढची पायरी म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा स्वभाव ओळखणे. राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, दिसतो तो लिहून घ्यावा आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता खरोखर आपल्या राउटरवर आहे. ते वेगळे असतील, आणि विशेषतः वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर आपण कॅरिअर ग्रेड नॅटच्या मागे आहोत. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. सोसायटीच्या गेटवर एकच पत्ता आणि आत शंभर फ्लॅट, हे साध्या नॅटचे रूप झाले. कॅरिअर ग्रेड नॅटमध्ये अख्ख्या वस्तीला मिळून एकच गेट असते आणि त्याचा पहारेकरी आपल्या ऐकण्यातला नसतो. आत बसून बाहेर कोणालाही हाक मारता येते, पण बाहेरून कोणी आपले नाव घेऊन आले तर पहारेकऱ्याला ते कोठे पाठवावे हे ठाऊक नसते. याचे कारण टंचाई आहे: जागतिक साठ्यातले आयपीव्ही४चे शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले, आणि घरोघरी ब्रॉडबँड पोचला तो त्यानंतर.

अशा वेळी अनेक जण स्थिर पत्ता विकत मागतात. माझ्या मते त्याची गरज नाही. वर सांगितलेल्या क्रमाने जायचे असेल, तर बाहेरून आत येणारी जोडणी आपल्याला नकोच आहे. घरच्या यंत्राने स्वतःहून बाहेर जाऊन एका ठरलेल्या ठिकाणी भेटायचे आणि आपल्या फोननेही त्याच ठिकाणी येऊन भेटायचे, अशी रचना कॅरिअर ग्रेड नॅटमागूनही व्यवस्थित चालते. आयपीव्ही६ (नवी पत्ता-पद्धत) मिळत असेल तर तेही पाहून ठेवावे, पण एका गोष्टीची खात्री करावी. आयपीव्ही६मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, त्यामुळे नॅटचा आडोसा तिथे नसतो आणि राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल बंद असेल तर आपण न उघडलेली दारेही उघडी असतात.

घरातल्या पत्त्यांचा पट्टा याच टप्प्यावर बदलून घ्यावा. १९९६ साली खासगी वापरासाठी तीन पट्टे ठरवण्यात आले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ हा, आणि १९२.१६८ ने सुरू होणारा. बहुतेक राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ हाच पट्टा घेऊन येतात आणि आपल्या घरातही तोच, ऑफिसच्या किंवा एखाद्या लॉजच्या वायफायवरही तोच असेल, तर १९२.१६८.१.१० म्हणजे इथला प्रिंटर की घरचा सर्व्हर, हे लॅपटॉपला कळणार नाही. १७२.१७ पासूनचे काही पट्टे डॉकर (सेवा वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःकडे घेतो, म्हणून तिकडेही जाऊ नये. १० च्या पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते आहेत. त्यातला आडवळणाचा एखादा तुकडा निवडावा. मी घरासाठी १०.४७.११.०/२४ आणि खासगी नेटवर्कसाठी १०.४७.१२.०/२४ असे दोन तुकडे घेतले आहेत. /२४ म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे पत्ते आणि /३२ म्हणजे एकच पत्ता. पुढची उदाहरणे याच पत्त्यांवर देतो.

वायरगार्ड

खासगी नेटवर्कसाठी मी वायरगार्ड वापरतो. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल मार्च २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.६ पासून कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. त्याचा एक गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो: ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही अशा कोणाच्याही पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला) तो उत्तरच देत नाही. वर सांगितलेल्या पोर्ट तपासत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे काही आहे की नाही, हेही कळत नाही.

भेटीचे ठिकाण म्हणून एक छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर, भाड्याने घ्यावा. यापुढे त्याला हब म्हणू. एक जीबी रॅमचा पुरतो आणि त्याचे भाडे महिना पाचशे रुपयांच्या आसपास असते. डेटा सेंटर मुंबईत असलेलाच निवडावा, कारण घर आणि फोन यांच्यातले प्रत्येक पॅकेट हबवरून जाणार आहे आणि ठाण्याहून घणसोलीला जाणारे पॅकेट युरोपला वळसा घालून आले, तर टर्मिनलवर टाइप केलेले प्रत्येक अक्षर रेंगाळत उमटते.

प्रत्येक उपकरणावर किल्ल्यांची एक जोडी तयार करावी. खासगी किल्ली त्या उपकरणाबाहेर कधीही नेऊ नये. ती असलेली फाइल फक्त रूटला वाचता यावी. सार्वजनिक किल्ली मात्र ४४ अक्षरांची, शेवटी बरोबरचे चिन्ह असलेली एक ओळ असते आणि ती कोणालाही दिली तरी बिघडत नाही. हबला १०.४७.१२.१, घरच्या सर्व्हरला १०.४७.१२.२, फोनला १०.४७.१२.३ असे पत्ते द्यावेत. हबच्या फाइलमध्ये इंटरफेस या भागात त्याची खासगी किल्ली, पत्ता आणि ५१८२० हा पोर्ट येतो, आणि त्याखाली प्रत्येक उपकरणासाठी पिअर (समोरचे उपकरण) नावाचा एक भाग. घरच्या सर्व्हरच्या आणि फोनच्या फाइलमध्ये पिअर एकच, तो म्हणजे हब. त्यात हबचा सार्वजनिक पत्ता एंडपॉइंट म्हणून लिहावा.

येथे सर्वाधिक चुका होतात त्या अलाउड आयपीज या ओळीत, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. ही ओळ एकाच वेळी दोन कामे करते. बाहेर पडणाऱ्या पॅकेटसाठी ती रस्ता दाखवणारी पाटी असते: या पत्त्यांकडे जायचे असेल तर या पिअरकडे पाठव. आत येणाऱ्या पॅकेटसाठी तीच ओळ ओळखपत्र तपासणारी असते: या पिअरकडून आलेल्या पॅकेटवर याच पत्त्यांपैकी एखादा पाठवणारा म्हणून असेल तरच ते स्वीकार. एवढे लक्षात आले की पुढचे आपोआप सुचते. हबवर फोनसमोर फक्त १०.४७.१२.३/३२ लिहावे, कारण फोन म्हणजे तो एकच पत्ता. घरच्या सर्व्हरसमोर १०.४७.१२.२/३२ आणि त्याच्या मागे असलेले घरचे नेटवर्क म्हणून १०.४७.११.०/२४ लिहावे. फोनवर हबसमोर मात्र १०.४७.१२.०/२४ आणि १०.४७.११.०/२४ हे दोन्ही पट्टे येतात. हबवर दोन पिअरांना एकच पट्टा दिला, तर नंतर वाचलेल्या पिअरकडे तो पट्टा जातो आणि आधीचा कोणतीही तक्रार न करता मुका होतो. मी या एका चुकीपायी एक अख्खा रविवार घालवला आहे.

घरच्या सर्व्हरच्या आणि फोनच्या फाइलमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवावे. नॅटचा पहारेकरी शांत पडलेल्या जोडणीची नोंद काही वेळाने पुसून टाकतो. दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट गेले की ती नोंद ताजी राहते आणि हबला घरापर्यंत केव्हाही पोचता येते.

आता फॉरवर्डिंग. हबने एका पिअरचे पॅकेट दुसऱ्याला द्यायचे असेल, किंवा घरच्या सर्व्हरने फोनचे पॅकेट घरातल्या प्रिंटरला द्यायचे असेल, तर दोन्ही यंत्रांच्या कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू असावे लागते आणि फायरवॉलनेही ते जाऊ द्यावे लागते. ते केवळ चालू करून थांबू नये. कर्नलची सेटिंग ठेवणाऱ्या सिसकंट्रोलच्या (sysctl) फाइलमध्ये कायमचे लिहावे, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ते बंद असते. शिवाय प्रिंटरला १०.४७.१२ च्या पट्ट्याकडे परतीचा रस्ता माहीत नसतो, म्हणून घरच्या राउटरमध्ये ‘१०.४७.१२.०/२४ साठी घरच्या सर्व्हरकडे जा’ असा स्थिर मार्ग लिहावा. राउटरमध्ये ती सोय नसेल, तर घरच्या सर्व्हरवर मास्करेड लावावे, म्हणजे फोनचे पॅकेट प्रिंटरला घरच्या सर्व्हरकडूनच आल्यासारखे दिसते.

सगळे लिहून झाले की दोन्हीकडे सेवा सुरू करावी आणि ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा द्यावी. जोडणी जुळली असेल तर शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन टोकांची ओळख पटण्याची देवाणघेवाण, किती सेकंदांपूर्वी झाला ते दिसते. जुळली नसेल तर आले आणि गेले किती बाइट, ही ओळ बारकाईने वाचावी. ‘आले ०, गेले १.४५ किबीबाइट’ असे दिसत असेल, तर तो आकडा फोडून पाहावा: हँडशेकची पहिली हाक नेमकी १४८ बाइटांची असते, म्हणजे आपण दहा हाका मारल्या आणि एकाही हाकेला उत्तर आले नाही. दर पाच सेकंदांच्या आसपास हा आकडा १४८ ने वाढताना दिसला, की आपल्या यंत्रावरची बाजू बोलते आहे आणि अडचण पुढे आहे हे समजावे. अशा वेळी तीन ठिकाणी पाहावे. हबच्या फायरवॉलमध्ये यूडीपी (वायरगार्ड वापरतो ती वाहतुकीची पद्धत) ५१८२० उघडा आहे का, आणि व्हीपीएस देणाऱ्याच्या पॅनलमध्ये आणखी एक फायरवॉल असतो, त्यातही तो उघडा आहे का, हे पहिले. तो बहुधा यूडीपीऐवजी टीसीपी या दुसऱ्या पद्धतीसाठी उघडलेला सापडतो. सार्वजनिक किल्ल्यांची अदलाबदल झाली आहे का, हे दुसरे.

तिसरे ठिकाण म्हणजे घड्याळ. हँडशेकच्या पहिल्या हाकेत वेळेचा शिक्का असतो आणि एखाद्या पिअरकडून आधी आलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला, तर कोणी जुने पॅकेट पकडून पुन्हा पाठवत आहे असे समजून हब ते टाकून देतो. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. पण वीज गेल्यानंतर घड्याळ मागे गेलेले यंत्र त्यामुळे दारातच थांबते. त्या ऑक्टोबरमध्ये माझ्या घरी हेच झाले होते.

हँडशेक होतो, पिंग जाते, एसएसएचही चालते, पण मोठी वेबपाने अर्ध्यावर अडकतात, असे झाले तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, तपासावी. वायरगार्ड १५०० मधून ८० बाइटांची जागा स्वतःसाठी ठेवून १४२० धरतो. आपली ब्रॉडबँड जोडणी पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड लागणाऱ्या पद्धतीवर) असेल तर मुळात १४९२ च मिळतात, म्हणून १४१२ ठेवावे.

हे सर्व स्थिर झाल्यावर हबवरचा एसएसएच फक्त १०.४७.१२.१ वर ऐकेल असे करावे. हा बदल करताना आधीची एक टर्मिनल खिडकी उघडी ठेवावी, दुसऱ्या खिडकीतून खासगी पत्त्यावर प्रवेश होतो हे पाहावे आणि मगच पहिली बंद करावी. त्यानंतर सार्वजनिक बाजूला फक्त यूडीपी ५१८२० उरतो आणि तोही अनोळखी माणसाशी बोलत नाही.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. या रचनेत पॅकेट हबवर उलगडते आणि पुन्हा बंद होऊन पुढे जाते, म्हणजे तत्त्वतः हबवर ताबा असलेल्याला आतला मजकूर पाहता येईल. म्हणून खासगी नेटवर्कच्या आतही एसएसएच आणि एचटीटीपीएसच वापरावे. ज्यांना हब सांभाळायचा नाही त्यांनी टेलस्केल वापरावे. ते वायरगार्डवरच उभे आहे, उपकरणांना शक्यतो थेट एकमेकांशी जोडते, आणि थेट जोडणी जमली नाही तर मधल्या रिलेवरून बंद पॅकेटच पुढे जाते. उपकरणांची ओळखपाळख करून देणारा मधला सर्व्हर मात्र त्यांचा असतो. तोही स्वतःचा हवा असेल तर हेडस्केल हा मुक्त पर्याय आहे. घरात ते चालवायला माझी हरकत नाही, फक्त डेव्हलपरने एकदा तरी वरचे सगळे हाताने जुळवावे असे मला मनापासून वाटते, कारण नेटवर्क अडले की नेमके कोठे पाहायचे ते त्यातूनच कळते.

मग सेवा

आता सेवा बसवणे हे तुलनेने सोपे काम राहते. कोडसाठी गिटी किंवा फोर्जेओ, फोटोंसाठी इमिच, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, चित्रपटांसाठी जेलीफिन, असे चांगले मुक्त पर्याय आहेत आणि ते सारे डॉकर कंपोझने, म्हणजे एका फाइलीत लिहिलेल्या सूचनांवरून, चालतात. एका वेळी एकच सेवा बसवावी आणि ती आठवडाभर वापरून मग पुढचीकडे वळावे.

डॉकरबाबत एक सापळा ठाऊक असावा. कंपोझच्या फाइलमध्ये ‘८०८०:८०’ असे लिहिले की डॉकर तो पोर्ट यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो आणि त्यासाठी स्वतःचे नियम थेट कर्नलच्या तक्त्यांत घालतो. त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलने तो पोर्ट बंद केलेला दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो उघडाच असतो. त्याऐवजी ‘१२७.०.०.१:८०८०:८०’ असे लिहावे, म्हणजे तो पोर्ट त्या यंत्रापुरताच उघडतो, आणि बाहेरची विनंती आत पोचवायला पुढे थेट यंत्रावर बसवलेला कॅडी हा वेब सर्व्हर ठेवावा. १२७.०.०.१ ऐवजी १०.४७.१२.२ लिहिण्याचा मोह होतो, पण यंत्र सुरू होताना वायरगार्डच्या आधी डॉकर जागा झाला, तर तो पत्ता अजून अस्तित्वातच नसतो आणि कंटेनर उभाच राहत नाही.

नावांसाठी ‘.लोकल’ वापरू नये, कारण ते स्थानिक नेटवर्कवर आपोआप नावे शोधणाऱ्या एमडीएनएससाठी राखीव आहे. २०२४ साली इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने ‘.इंटर्नल’ हे नाव खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले, ते घेता येईल. मात्र फोनवर कुलपाचे चिन्ह विनातक्रार दिसायला हवे असेल, तर वर्षाला काही शे रुपयांत मिळणारे स्वतःचे डोमेन घेणे उत्तम. त्याच्या सार्वजनिक डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदींत) आपल्या सेवेचे नाव १०.४७.१२.२ या खासगी पत्त्याकडे दाखवले तरी चालते, कारण नेटवर्कच्या बाहेरच्याला त्या पत्त्याचा काही उपयोग नाही. कुलपाच्या चिन्हासाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र डीएनएस पद्धतीने, म्हणजे डोमेनच्या नोंदींत खूण ठेवून, घेतले, तर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदींत उमटते, तेव्हा प्रत्येक सेवेचे वेगळे न घेता सर्व उपनावांना चालणारे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्यावे. म्हणजे आपल्या घरी काय काय चालते याची यादी त्या नोंदींत दिसत नाही.

बॅकअप आणि हरवलेला फोन

घरच्यांचे फोटो या यंत्रावर आल्यापासून ही हौस राहिलेली नाही, ती जबाबदारी झाली आहे. म्हणून घरच्यांना ॲप देण्याआधी बॅकअप चालू असला पाहिजे. माझ्या यंत्रावरची मूळ प्रत, घरातल्याच एका बाह्य डिस्कवरची दुसरी आणि बहिणीच्या नेरूळच्या घरी ठेवलेल्या छोट्या यंत्रावरची तिसरी, अशा तीन प्रती आहेत. नेरूळचे यंत्र याच खासगी नेटवर्कवर १०.४७.१२.५ म्हणून जोडलेले आहे आणि रात्री दोन वाजता रेस्टिक हे बॅकअपचे साधन त्याच्याकडे नवे बदल कुलूपबंद करून पाठवते. तिथे या प्रती स्वीकारणारा रेस्ट सर्व्हर फक्त भर घालू देणाऱ्या पद्धतीने चालवला आहे. घरच्या सर्व्हरवर कोणी ताबा मिळवला, तरी त्याला नेरूळच्या जुन्या प्रती पुसता येत नाहीत. चालू डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा उचलू नयेत, त्या अर्धवट अवस्थेत सापडू शकतात; आधी डेटाबेसचा डंप (एका वेळची पूर्ण प्रत) काढावा आणि तो बॅकअपमध्ये घ्यावा. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून घराबाहेरही एका ठिकाणी ठेवावा, कारण तो फक्त जळालेल्या सर्व्हरवर असेल तर तिन्ही प्रती निरुपयोगी आहेत. दर तीन महिन्यांनी मी दुसऱ्याच एका लॅपटॉपवर एखादा जुना महिना परत उतरवून पाहतो आणि त्यातले काही फोटो प्रत्यक्ष उघडतो.

घरच्या प्रत्येकाच्या फोनला वेगळी किल्ली आणि वेगळा पत्ता द्यावा. वायरगार्डचे ॲप क्यूआर कोड वाचते, त्यामुळे आईच्या फोनवर हे मिनिटभरात होते. तो कोड मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नये, कारण त्यात खासगी किल्ली असते. लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवावा, आईने समोर बसून स्कॅन करावा आणि नंतर ती फाइल पुसून टाकावी. सोय चालते की नाही हे घरच्या वायफायवर तपासण्यात अर्थ नाही. वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, शक्यतो घराबाहेर जाऊन तपासावे.

फोन लोकलमध्ये हरवला, तर हबवर जाऊन त्या फोनचा पिअर भाग काढून टाकावा आणि वायरगार्डला फाइल पुन्हा वाचायला लावावी. ती किल्ली त्या क्षणापासून निकामी होते आणि बाकीच्या कोणाच्याही किल्लीला हात लावावा लागत नाही. त्यानंतर व्हॉल्टवॉर्डन, नेक्स्टक्लाउड आणि इमिच यांच्या पानांवर जाऊन त्या फोनची लॉग-इन सत्रे बंद करावीत, आणि नव्या फोनसाठी नवी किल्ली व नवा पत्ता द्यावा. जुना पत्ता मी पुन्हा कोणाला देत नाही. वहीत त्याच्यासमोर तारीख टाकून ठेवतो.